स्वस्तातला बिट सेट पारखायचा कसा? तपासण्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

बिट सेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरला लावायच्या सुट्या टोकांचा डबा, घेताना बहुतेक जण डब्यात किती बिट आहेत ते मोजतात, त्यावर 'सीआर-व्ही' (क्रोम व्हॅनेडियम पोलाद) लिहिलंय का बघतात आणि स्क्रू चिकटला की खूश होतात. या तिन्ही गोष्टींवरून बिटची प्रत कळत नाही. घरी आल्यावर दुसरी चूक होते. बिट थेट ड्रिल मशीनला लावून भिंतीत स्क्रू ठोकायला सुरुवात होते. पहिल्याच दिवशी टोक गोल झालं तर दोष बिटचा, स्क्रूचा की तिरक्या हाताचा, हे सांगता येत नाही. वापरलेला बिट दुकानदार परतही घेत नाही.

म्हणून क्रम पाळा. ज्यांनी बिटवर ओरखडाही उठत नाही त्या तपासण्या आधी करा. जोर लावायच्या त्यानंतर, आणि ज्यात बिट कायमचा खराब होतो ती सगळ्यात शेवटी.

टप्पा १: तुमच्याकडे स्क्रू कोणते आहेत ते आधी बघा

शंभर बिटच्या डब्यातले घरात सहा-सात वापरले जातात. बाकीचे कितीही चांगले असले तरी त्यांच्यासाठी पैसे मोजू नका. घरातले, गाडीचे, दुकानातले स्क्रू एकदा नजरेखालून घाला आणि मापं कागदावर लिहा.

साध्या फुलीच्या स्क्रूला फिलिप्स म्हणतात. त्यात पीएच १ लहान उपकरणं आणि प्लगसाठी लागतो, तर ३ ते ५ मिमीच्या बहुतेक स्क्रूंना पीएच २. मॉड्युलर फर्निचरच्या बिजागऱ्यांचे स्क्रू दिसायला तसेच असतात, पण त्यांच्या फुलीच्या चार हातांच्या मधे चार बारीक रेघा असतात. ते पोझिड्राइव्ह, त्यांना पीझेड २ लागतो. सहा पाकळ्यांचे टॉर्क्स स्क्रू मिक्सर, पॉवर टूल आणि गाड्यांवर दिसतात. त्यांत टी १०, टी १५, टी २० आणि टी २५ ही मापं जास्त. सायकलीला आणि जोडून वापरायच्या फर्निचरला ३, ४ आणि ५ मिमीचे अॅलन (सहा कोनी, एच छापलेले) लागतात.

जपानी तंत्रावरच्या जुन्या मोटरसायकली दुरुस्त करत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. त्यांच्या इंजिन कव्हरवरच्या फुलीच्या स्क्रूंवर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. ते जपानी मापाचे स्क्रू. पीएच २ त्यात तळापर्यंत बसत नाही आणि जोर दिला की वर सटकतो. तिथे बिट खराब नसतो, जात चुकलेली असते. जेआयएस (जपानी मानक) छापलेला बिट वेगळा घ्या.

ताकीद: दुकानात नुसतं 'स्टार बिट द्या' म्हणू नका. त्यावर कुणी फिलिप्स देतं, कुणी टॉर्क्स. 'पीएच २' किंवा 'टी २०' असं नंबर सांगून मागा.

टप्पा २: तपासणीचं साहित्य

फार काही लागत नाही.

एक व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन), डिजिटल असेल तर उत्तम. काळा किंवा लाल परमनंट मार्कर. कॅमेऱ्याचा झूम बरा असलेला मोबाइल. एक चांगली बारीक दातांची कानस, नवी किंवा न झिजलेली. डोळे सांभाळायला सुरक्षा चष्मा.

आणि स्क्रू. इथेच बहुतेकांची परीक्षा चुकते. जुन्या, गंजलेल्या, आधीच घासलेल्या स्क्रूवर नवा बिट तपासला तर निकाल नेहमी बिटच्या विरोधात जातो. नव्या पाकिटातले घ्या: पीएच २ डोक्याचे एम ५ मशीन स्क्रू नटासह पाच-सहा, आणि पीझेड २ डोक्याचे ४ × ४० मिमीचे लाकडाचे स्क्रू दहा-बारा. शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांचे घ्या. एका कंपनीचे स्क्रू नीट बसले नाहीत आणि दुसऱ्याचे बसले, तर दोष पहिल्या स्क्रूंच्या खाचेत आहे.

टप्पा ३: दुकानात, पैसे देण्याआधी

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी असो की शाहूपुरी, काउंटरवर डबा उघडून बघू देणाऱ्या दुकानातूनच घ्या. ऑनलाइन मागवला असेल तर हाच टप्पा घरी, परत करायची मुदत संपायच्या आत करा आणि डबा फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

आधी खुणा वाचा. प्रत्येक बिटच्या दांड्यावर निदान माप हवं: पीएच २, टी २०, एच ४ असं. डब्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' मोठ्या अक्षरांत आणि बिट मात्र कोरे, तर तो सेट तिथेच ठेवा. माप कोरायचे कष्ट ज्याने घेतले नाहीत, त्याने पोलादाला पाणी द्यायचे (तापवून, विझवून कडक करायचे) कष्ट घेतले असतील अशी आशा धरू नका. उलट, नुसती अक्षरं आहेत म्हणून विश्वासही ठेवू नका. 'एस २' (जास्त कडक हत्यारी पोलाद) छापायला पैसे पडत नाहीत. अक्षरांचा उपयोग नापास करण्यापुरता, पास करायला पुढचे टप्पे आहेत.

मग एकाच मापाचे दोन बिट शेजारी ठेवा. स्वस्त सेटमध्ये पीएच २ दोन-तीन असतातच. लांबी सारखी आहे का? टोकाचा बोथटपणा सारखा आहे का? टोकाच्या पंखांची, म्हणजे फुलीच्या चार हातांची, जाडी? एकाच डब्यातले दोन पीएच २ नजरेला वेगळे दिसत असतील तर तो कारखाना मापावर काम करत नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण तेवढ्यातच बरेच सेट बाद होतात.

त्यानंतर पीएच आणि पीझेड शेजारी धरा. पीझेडच्या चार मोठ्या पंखांच्या मधे चार बारीक कडा उठून दिसल्या पाहिजेत. काही स्वस्त सेटमध्ये पीझेड लिहिलेला बिट म्हणजे पीएचचाच साचा असतो. तो फर्निचरच्या स्क्रूत बसतो, हलतो आणि खाच खाऊन टाकतो.

शेवटी टोकाचा झूम करून फोटो काढा. कडांवर मुलाम्याचे गोळे, फुगे किंवा सोललेला पापुद्रा दिसला तर नको. जाड निकेलमुळे कड गोल होते, आणि तो थर उडाला की बिट खाचेत आणखी सैल पडतो. चांगल्या बिटवर मुलामा पातळ असतो. काळा, तेलकट दिसणारा बिट गचाळ वाटतो, पण चकचकीत बिटपेक्षा त्याच्या कडा बऱ्याचदा जास्त नेमक्या असतात.

तपासा: खुणा आहेत, जुळे बिट सारखे आहेत, पीझेडला मधल्या कडा आहेत, मुलामा सोललेला नाही. चारही बरोबर असतील तरच घरी आणा.

टप्पा ४: व्हर्निअर लावा

साध्या बिटचा सहा पैलूंचा दांडा पाव इंची, म्हणजे समोरासमोरच्या पैलूंमध्ये ६.३५ मिमी. मोबाइल-लॅपटॉपच्या बारीक सेटचा दांडा ४ मिमी. पैलूंच्या तिन्ही जोड्या मोजा. पाव इंची दांड्यात ६.२५ ते ६.३५ च्या आत असतील तर चालेल. ६.२ च्या खाली गेला तर होल्डरमध्ये (बिट बसतो त्या तोंडात) हलणार. ६.४ भरला तर चांगल्या होल्डरमध्ये शिरणारच नाही, शिरला तर निघणार नाही. तीन जोड्यांमध्ये आपसात फरक असेल तर दांडा ओढताना वाकडा गेलाय असं समजा.

अॅलनचं मोजमाप जास्त काटेकोर घ्या, कारण तिथे ढिलाई लगेच भोवते. ४ मिमीचा बिट ३.९५ ते ४.०० मध्ये हवा. ३.८५ भरला तर तो बोल्टच्या खाचेचे कोपरे गोल करणार, आणि मग तो बोल्ट काढायला ड्रिल मारावं लागेल. चपट्या बिटमध्ये पात्याची जाडी टोकाला आणि तिथून २ मिमी मागे मोजा. दोन्ही मापं जवळपास सारखी हवीत. पाचरीसारखं निमुळतं पातं खाचेतून वर चढतं.

टॉर्क्सचं टोक पाकळीपासून समोरच्या पाकळीपर्यंत मोजा. टी १० साधारण २.८, टी २० साधारण ३.९, टी २५ साधारण ४.५ मिमी. मधे भोक असलेला टॉर्क्स साध्या स्क्रूलाही बसतो, पण भोकामुळे त्याची भिंत पातळ होते. मजबूत कामाला भरीव टॉर्क्सच वापरा.

टप्पा ५: शाईची तपासणी

सगळ्या टप्प्यांमध्ये सर्वात जास्त माहिती इथे मिळते, आणि नेमका हाच टप्पा कुणी करत नाही. पीएच २ आणि पीझेड २ वर तो करायलाच हवा.

१. बिटचं टोक कपड्याने पुसून तेल काढा. चारही पंखांवर सगळीकडे मार्कर फिरवा आणि मिनिटभर वाळू द्या.

२. नवा स्क्रू व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंजात) डोकं वर करून धरा. बिट होल्डरमध्ये न लावता बोटांत धरा.

३. बिट सरळ खाली खाचेत बसवा. डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालेल. टोक घड्याळाच्या काट्यासारखं मोकळं फिरत असेल तर माप चुकलंय.

४. आता होल्डर लावा, वरून चांगला दाब देऊन आवळायच्या दिशेने एकदा पिळा, पण सटकेपर्यंत नको. सरळ वर उचला.

५. टोकाचा फोटो काढून शाई कुठे घासली गेली ते बघा.

चारही पंखांच्या एकाच बाजूला, साधारण सारख्या उंचीचा पट्टा घासलेला दिसला तर बिट खाचेच्या भिंतींना नीट भिडतोय. असा बिट मऊ निघाला तरी काही दिवस काम देतो.

शाई फक्त शेंड्यावर गेली असेल तर टोक जास्त लांब किंवा टोकदार आहे. ते तळाला आधी टेकतं आणि पंख भिंतीपासून लांब राहतात. हा बिट जोर दिला की हमखास सटकणार. शाई पंखांच्या फक्त वरच्या काठाला गेली असेल तर बिट खाचेपेक्षा मोठा किंवा जाड आहे, आत शिरतच नाही. आणि चारपैकी दोनच पंखांवरची शाई गेली असेल तर टोक दांड्याच्या मध्यात नाही. सगळा भार दोन पंखांवर येतो आणि तेच आधी तुटतात.

हीच तपासणी दुसऱ्या कंपनीच्या स्क्रूवर पुन्हा करा. दोन्हीकडे खूण सारखीच वाईट आली तर दोष बिटचा.

ताकीद: चुंबक असलेल्या होल्डरमध्ये स्क्रू आडवा धरून 'बघा, पडत नाही' ही तपासणी नव्हे. तिथे स्क्रूला चुंबक धरतं, बिटचा आकार नाही.

टप्पा ६: होल्डर आणि हँडल

स्वस्त सेटमध्ये बिटच्या आधी होल्डर जातो. बिट होल्डरमध्ये घाला, टोकाला फडकं गुंडाळून ते पक्कडीत धरा आणि हँडल दोन्ही बाजूंना पिळा. तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखा. बिट होल्डरमध्ये हलतो का? होल्डरची दांडी हँडलमध्ये फिरते का? रॅचेट (एकाच दिशेने पकडणारी दातेरी यंत्रणा) असेल तर दात पकडायच्या आधी किती मोकळं फिरतं? दांडी हँडलमध्ये फिरत असेल तर सेट परत करा, चिकटवून ते टिकत नाही.

होल्डरच्या तोंडाची भिंत बघा. पातळ पत्र्याचं नळकांडं असेल तर थोड्याच दिवसांत सहा पैलूंचे कोपरे गोल होतात. सोबत येणारी लवचीक स्प्रिंगची दांडी फक्त हलका स्क्रू अडचणीच्या जागी पोचवायला. आवळायला ती निरुपयोगी आहे.

लेथ किंवा ग्राइंडरजवळ काम करणाऱ्यांनी चुंबकाच्या होल्डरमध्ये रोज डोकावावं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये उडणारा लोखंडाचा चुरा चुंबकावर बसतो, बिट पूर्ण आत जात नाही आणि मग चांगला बिटही डगमगतो. चिकटपट्टीचा तुकडा काडीला गुंडाळून चुरा काढा.

टप्पा ७: डगमग

बिट ड्रिल मशीनला लावा, सगळ्यात कमी वेगाने फिरवा आणि टोकाजवळ पेन्सिलचं टोक स्थिर धरा. मधली फट फिरताना कमी-जास्त होत असेल तर टोक मध्यात नाही. निकाल लावायच्या आधी त्याच चकमध्ये (ड्रिलच्या बिट धरणाऱ्या तोंडात) दुसरा एखादा खात्रीचा बिट फिरवून बघा, कारण चक वाकडा असेल तर सगळेच बिट नापास होतील. ५० मिमीच्या लांब बिटमध्ये हा दोष जास्त उठून दिसतो. हाताने वापरायच्या बिटला थोडी डगमग खपते, मशीनच्या बिटला नाही.

इथपर्यंत शाईशिवाय बिटवर काही लागलेलं नाही. सेट परत करायचा असेल तर शाई स्पिरिटने पुसून आत्ताच करा.

टप्पा ८: जोर लावून बघा

डोळ्यांना चष्मा लावा. कडक बिटची कपची उडाली तर ती डोळ्याच्या उंचीला उडते.

आधी लाकूड. सागवानाच्या तुकड्यात २.५ मिमीची भोकं पाडा आणि त्यात ४ × ४० चे दहा स्क्रू हाताने, पीझेड २ ने, डोकं टेकेपर्यंत आवळा. भोक न पाडता ठोकले तर बिटवर नको तेवढा ताण येतो आणि परीक्षा लाकडाचीच होते. दहा झाल्यावर टोकाचा फोटो काढून आधीच्या फोटोशी ताडून बघा.

मग लोखंड. एम ५ स्क्रू जाड पट्टीच्या भोकातून घाला, खालचा नट व्हाइसमध्ये पकडा आणि पीएच २ ने आवळत न्या. बिट स्क्रूच्या रेषेत सरळ, वरून दाब कायम. मशीनने करत असाल तर क्लच (जोर ठरवणारी आकड्यांची कडी) सगळ्यात कमी आकड्यावर ठेवून एकेक आकडा वाढवा. सटकला की लगेच थांबा. टर्रर्र आवाज होऊ दिला तर बिट आणि स्क्रू दोन्ही घासले जातात आणि आधी कोण हरलं ते कळत नाही.

आता दोन्ही गोष्टी समोर ठेवून वाचा:

स्क्रूची खाच खराब झाली, बिटच्या कडा शाबूत: बिट स्क्रूपेक्षा कडक आहे. पास.

बिटच्या कडा गोल झाल्या, खाच शाबूत: बिट नरम. पाणी नीट दिलेलं नाही.

पंख किंवा दांडा पिळला गेला: तोही नरमच. फक्त टॉर्शन बिटमध्ये दांड्याची मधली बारीक कंबर मुद्दाम पिळू दिलेली असते, तो दोष नाही.

पंखाची कपची उडाली, तुटलेली जागा खरखरीत राखाडी: बिट ठिसूळ, पाणी जास्त झालंय. मात्र बिट तिरका धरला होता का ते आधी स्वतःला विचारा, तिरक्या जोराने चांगल्या बिटचाही पंख उडतो.

ताकीद: साधे २५ मिमीचे बिट इम्पॅक्ट ड्रायव्हरला (ठोके देत फिरणाऱ्या मशीनला) लावून तपासू नका. ते त्या ठोक्यांसाठी बनवलेले नसतात. चांगले बिटही तुटतील आणि निकाल खोटा येईल.

टप्पा ९: कानस, आणि हवं तर रॉकवेल

ही तपासणी डब्यातल्या जुळ्या किंवा नको असलेल्या बिटवर करा, रोजच्या पीएच २ वर नको.

दांड्याच्या एका कोपऱ्यावर, टोकाच्या जवळ, कानस दोन-तीनदा घासा. वरचा मुलामा निघून जाऊ द्या, कारण पहिला घास मुलाम्यावर बसतो आणि फसवतो. कानस काचेवरून घसरल्यासारखी सरकली, चकाकीपलीकडे काही उठलं नाही, तर बिट चांगला कडक आहे. जोर दिल्यावर थोडी धरली तर मध्यम. सीआर-व्हीच्या बऱ्याच बिटचं असंच असतं आणि हाताच्या कामाला ते पुरतात. खिळ्यासारखा सहज चुरा पडू लागला तर तो बिट कामाचा नाही.

कडकपणाचा आकडाच हवा असेल तर कोल्हापुरात ती सोय जवळ आहे. उद्यमनगर आणि आसपासच्या एमआयडीसींमध्ये हीट ट्रीटमेंटचं (पोलादाला पाणी द्यायचं) काम करणारे आहेत आणि त्यांच्याकडे कडकपणा मोजायचं रॉकवेल मशीन असतं. बिटचे समोरासमोरचे पैलू समांतर असतात, त्यामुळे तो सपाट बसतो. एका पैलूवरचा मुलामा पॉलिश पेपरने काढून न्या आणि तीन जागी 'सी' स्केलवर रीडिंग घ्यायला सांगा. एस २ चे चांगले बिट साधारण ५८ ते ६२ दाखवतात. हाताच्या वापराच्या सीआर-व्ही बिटला पन्नाशीच्या वर असलेलं बरं. ४५ च्या खाली आला तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, तो नको. तीन रीडिंगमध्ये मोठी तफावत असेल तर पाणी सगळीकडे सारखं बसलेलं नाही. एका घरगुती सेटसाठी हा खटाटोप कुणी करणार नाही, पण वर्कशॉपसाठी वीस-पंचवीस सेट घ्यायचे असतील तर आधी एक नमुना जरूर तपासून घ्या.

टप्पा १०: ठेवायचा, परत करायचा, की दुरुस्त करून वापरायचा

होल्डर चांगला, अॅलन-टॉर्क्स मापात, पण पीएच २ आणि पीझेड २ नरम: स्वस्त सेटमध्ये हा निकाल वारंवार येतो. असा सेट टाकून देऊ नका. त्या दोन मापांचे चांगले सुटे बिट विकत घ्या आणि डब्यातल्या जागी ठेवा. कारण झीज जवळजवळ सगळी याच दोन मापांवर होते.

होल्डर सैल असेल तर मात्र सेट नको, बिट कितीही चांगले असोत. आणि अजून काहीच घेतलं नसेल, तर शंभर बिटच्या डब्याऐवजी एक चांगला होल्डर आणि पीएच १, पीएच २, पीझेड २, टी १५, टी २० असे पाच सुटे बिट घ्या. बहुतेक घरांना एवढं वर्षानुवर्षं पुरतं.

नापास बिट परत त्याच डब्यात ठेवू नका. घाईच्या वेळी हाताला तोच लागतो आणि एका सटकण्यात स्क्रूची खाच जाते. ते वेगळ्या डबीत ठेवा किंवा टाकून द्या.

ठेवताना एक काळजी जून ते सप्टेंबरची. डब्यातल्या फोममध्ये ओल धरते आणि काळे बिट लवकर तांबूस पडतात. हा वरवरचा गंज पोलाद वाईट असल्याची खूण नाही. फोम काढून टाका, बिट शिलाई मशीनच्या तेलाच्या फडक्याने पुसा आणि वापरण्याआधी टोक कोरडं करा, कारण तेलकट टोक खाचेतून घसरतं.